सिस्टर, हे पत्र तुम्हाला परत करता येणार नाही

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाकीट घेत नाही, साडी घेत नाही आणि सत्काराचं नाव काढलं की फोन ठेवता. म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय ओळखीचे डेंटिस्ट हल्ली मला विचारतात, "तुमचा स्टाफ टिकतो कसा?" त्यांनाही उत्तर मिळेल.

तुम्ही सरकारी हॉस्पिटलच्या ओटीतून रिटायर झालेल्या. दातांचं काम कधी केलेलं नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. आम्हा डेंटिस्टांकडे परिस्थिती अशी, की १९४८च्या डेंटिस्ट्स ॲक्टने हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि मेकॅनिक (कवळ्या बनवणारे) यांची नोंदणी आणली, पण खुर्चीशेजारी दिवसभर सक्शन, म्हणजे तोंडातलं पाणी ओढणारी नळी, धरून उभी राहणारी मुलगी त्यात कुठेच नव्हती. ती बहुतेक दवाखान्यांत बारावी होऊन येते आणि "हे दे, ते उचल" ऐकत ऐकत शिकते. मग हजार रुपये जास्त मिळाले की दुसरीकडे जाते. तिचं काय चुकलं?

तुम्ही आल्याआल्या आमच्या असिस्टंट मुलीला काही शिकवलं नाहीत. उलट स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "मला यातलं काही कळत नाही, तूच सांग." रूट कॅनालच्या फायलींचा, म्हणजे दाताची मुळं आतून साफ करायच्या बारीक सुयांचा, डबा तिच्यासमोर होता. तिने बोटाने दाखवत नंबर आणि रंग म्हणायला सुरुवात केली: पंधरा पांढरी, वीस पिवळी, पंचवीस लाल, तीस निळी, पस्तीस हिरवी, चाळीस काळी. तुम्ही मुद्दाम चुकत होतात (मला दिसत होतं!) आणि ती तुम्हाला सुधारत होती. माझ्यासमोर मान वर न करणारी मुलगी तुम्हाला "नाही हो सिस्टर, परत म्हणा" म्हणत होती. पुढे मी मागायच्या आत पुढची फाइल हातात यायला लागली, त्याचं मूळ त्या दुपारी आहे.

ओटीतली एक सवय मात्र तुम्ही हट्टाने आणलीत. दात काढण्याआधी सगळ्यांनी थांबायचं आणि असिस्टंटने केसपेपर मोठ्याने वाचायचा. आधी दाताचा नंबर, मग बाजू: "शेहेचाळीस, खालची उजवी, पेशंटची उजवी." ऑपरेशनच्या आधी असं थांबणं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या चेकलिस्टमध्ये आहे, पण दातांच्या दवाखान्यात ते कोण करतं? तारा बसवण्याआधी मुलांच्या उपदाढा काढायला येतात, तेव्हा या वाचनाची खरी किंमत कळते. चौदा, चोवीस, चौतीस, चव्वेचाळीस. चारही धडधाकट. कीड नाही, ठणका नाही, त्यामुळे दाताकडे बघून काहीच कळत नाही. कागदच वाचावा लागतो, आणि दोघींनी वाचलेला बरा.

मावशींचं तर मी विसरणारच नाही. सकाळच्या दहा मिनिटांच्या मीटिंगमध्ये त्यांनाही बसवा, असं तुम्ही म्हणालात तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी हसली होती. तुम्ही फक्त विचारलंत, "सुया असलेला कचरा शेवटी कोण उचलतं?" मग पांढऱ्या डब्यात काय, लाल पिशवीत काय, पिवळीत काय हे मावशींनीच सगळ्यांना म्हणून दाखवायचं ठरलं. हिपॅटायटिस बीचे तीन डोसही सर्वांत आधी त्यांना दिले. पैसे पगारातून कापायचे नाहीत, हेही तुमचंच.

एका सल्लागाराने मला टार्गेट आणि इन्सेंटिव्हचा तक्ता करून दिला होता. जितक्या कॅप, तितका बोनस. तुम्ही तो चष्म्यावरून वाचलात आणि म्हणालात, "म्हणजे आता पोरीच ठरवणार कुणाच्या दातावर टोपी घालायची?" तक्ता त्याच दिवशी रद्दीत गेला. पैशाने टीम बांधता येत नाही असं मी म्हणत नाही, पगार मी वाढवलाच. पण कशासाठी द्यायचा, हे तुम्ही दाखवलंत.

गेल्या पावसाळ्यात त्याचा पुरावा मिळाला. बाहेर बाकडं भरलेलं, आत पेशंटला भूल देऊन झालेली. असिस्टंटने हत्यारांचा पाऊच उचलला, निर्जंतुक झाल्यावर रंग बदलणारी आतली पट्टी पाहिली आणि खाली ठेवला. "मॅडम, रंग बदलला नाही. ही ट्रे मी देणार नाही." मधे लाइट गेली होती, ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशांवर पूर्ण वेळ चाललाच नव्हता. तिने राखीव संच काढला, आख्खा लॉट बाजूला केला, रिसेप्शनने बाहेर सांगितलं की उशीर होईल आणि का होईल. एक गृहस्थ चिडून निघून गेले. बाकीचे बसले. मला काहीही ठरवावं लागलं नाही, आणि खरं सांगते, क्षणभर ते मला खटकलंच. माझ्या दवाखान्यात मलाच "नाही"! संध्याकाळी तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "मग? बरोबरच आहे की." एवढंच.

ती मुलगी आता लग्न होऊन कोल्हापूरला चाललीय. जायच्या आधी नवीन मुलीला तीच शिकवतेय, आणि तुमचीच युक्ती वापरतेय. मुद्दाम चुकते.

या पत्राचं उत्तर नको. पण तुमची ती डावीकडची दाढ तुम्ही मी ओळखते तेव्हापासून लवंगेवर काढताय. पुढच्या आठवड्यात या. केसपेपर मोठ्याने वाचला जाईल.

तुमची,
डॉक्टरीण आणि दवाखान्यातल्या सगळ्याजणी