डिजिटल सही सेंटरवाल्याच्या ड्रॉवरात

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी खानापूर तालुक्यातला छोटा कंत्राटदार, गटार, फरसबंदी, शाळेचं कंपाउंड असली कामं करतो. बेळगावात ज्या काँप्युटर सेंटरवर आम्ही बरेच जण सरकारी कामांची ऑनलाइन टेंडरं भरतो तिथला ड्रॉवर परवा उघडा दिसला. आत आठ-दहा यूएसबी टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं, त्यातच आपली डिजिटल सही असते), प्रत्येकाला चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेननं आडनाव आणि खाली चक्क पिन नंबर. माझंही त्यातच, वर वडापावचा कागद!

कोऱ्या चेकवर सही करून कोण दुसऱ्याकडं ठेवतं काय? पण हे तेच झालं. २००० च्या आयटी कायद्यानं डिजिटल सहीला हातच्या सहीइतकीच किंमत आहे, त्यामुळं उद्या माझ्या टोकननं कुणी भलताच रेट भरला तर निस्तरायचं मलाच. शिवाय एकाच कामाची चार टेंडरं एकाच काँप्युटरवरनं जातात, याचा रेट त्याला कळायला कितीसा वेळ लागतो, आणि आयपी (इंटरनेट जोडणीचा नंबर) एकच दिसला की साटंलोटं केलं म्हणून संशय आपल्यावर. (रिंग, म्हणजे आपसात रेट ठरवून टेंडर भरणं, कशी करतात ते आम्हाला कुणी शिकवायला नको, तो विषय वेगळा.)

मला फटका बसलाय म्हणून लिहितोय. एका कामाचं शुद्धिपत्रक निघालं, बीओक्यूत, म्हणजे कामाच्या मोजमापांच्या यादीत, काँक्रीट वाढवलेलं, मी साइटवर स्लॅबच्या गडबडीत, सेंटरवरच्या पोरानं जुनीच एक्सेल शीट चढवली ती पण शेवटच्या दिवशी संध्याकाळी. टेंडर बाद. त्याला बोलून काय उपयोग, पोर्टल कन्नड नाहीतर इंग्रजीत, आमच्यातल्या निम्म्यांना एकटं बसून भरता येत नाही म्हणून तर त्याच्याकडं जातो.

आणि धोका फक्त आमच्या बाजूलाच आहे असंही नाही. २०१९ मध्ये कर्नाटक राज्याच्या ई-प्रोक्युरमेंट (ऑनलाइन टेंडरच्या) पोर्टलमध्येच हॅकर घुसले आणि ईएमडीचे, म्हणजे टेंडरसोबत भरायच्या अनामतीचे, सुमारे साडेअकरा कोटी वळवले गेले, ते प्रकरण सीआयडीकडं गेलं होतं. तरी जुनी पद्धत आणा असं मी म्हणणार नाही, पाकीट पेटीत टाकायला गेल्यावर ऑफिसच्या दारात कोण उभे असायचे ते आमच्या पिढीला चांगलं आठवतंय.

खात्यांनी एवढं करावं, शुद्धिपत्रक निघालं की टेंडर भरणाऱ्या प्रत्येकाला एसएमएस जावा, पोर्टल अडकलं तर मुदत आपोआप वाढावी, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीत अर्धा दिवस मराठीत कुणीतरी बसवून दाखवावं, टोकन लावण्यापासून ते पोचपावतीपर्यंत.

मी माझं टोकन घरी आणलंय, पिन बदललाय. सेंटरवालं पोरगं फुगलंय जरा, पण आता टेंडर भरताना मी शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि पिन स्वतः मारतो.

आपला,
एक कंत्राटदार, खानापूर