लेकरांना सुईचं भय घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात नातीला घेऊन महाद्वार रोडला गेलो होतो. एका दुकानापुढं तीनेक वर्षांचं पोर फुग्यासाठी भोकाड पसरून बसलं होतं. आई म्हणाली, ‘गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील बघ.’ पोर गप्प झालं. माझी नात मात्र माझा हात ओढून म्हणाली, ‘आज्जा, मी काय केलंय?’

नात सहा वर्षांची आहे. तिला टाइप वन मधुमेह आहे. तिन्ही जेवणांआधी एकेक आणि रात्री एक, अशी रोज चार इंजेक्शनं. त्या माउलीला मी बोल लावत नाही. माझी पोरं लहान असताना मीही हेच म्हणत आलो. पण सुई म्हणजे शिक्षा हे ज्या लेकराच्या मनात आपणच भरवलं, त्यालाच ती रोज चारदा घ्यावी लागली तर त्यानं काय समजायचं?

दोन वर्षांपूर्वी ती सारखी पाणी मागू लागली, रात्री अंथरूण भिजू लागलं, फ्रॉक अंगावर लोंबू लागला. रक्त तपासल्यावर कळलं. गोड खाऊन हा आजार होत नाही. रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन स्वादुपिंडातल्या ज्या पेशी बनवतात, त्या शरीराची संरक्षण यंत्रणाच मारून टाकते. गोळी का देत नाही, असं शेजारीपाजारी विचारतात. इन्सुलिन पोटात गेलं तर जेवणासारखं पचून जातं, म्हणून ते टोचूनच द्यावं लागतं. कारल्याचा रस सुचवणाऱ्यांना हात जोडून सांगतो, या पोरांचं इन्सुलिन बंद केलं तर जीव जातो.

पहिले दोन महिने आठवले की अजून पोटात कालवतं. मी पाय धरायचो, मुलगा हात धरायचा, सून टोचायची. एकदा मी सांगितलं, ‘हे शेवटचं हं.’ रात्री पुन्हा इन्सुलिन टोचायचं पेन बघितल्यावर ती कॉटखाली जाऊन बसली. मग ‘भूक नाही’ म्हणू लागली. जेवण आलं की सुई येते, हे तिनं बरोबर ताडलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात खोटं बोलणं बंद झालं. झोपेत गुपचूप टोचणंही बंद.

मी केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेत, तीस वर्षं कंडक्टर होतो. एका दुपारी सुचलं आणि तिच्या गळ्यात माझी जुनी बॅग अडकवली. आता कंडक्टर ती, ड्रायव्हर मी. डावी मांडी शिवाजी पेठ, उजवी मंगळवार पेठ, पोट म्हणजे राजारामपुरी, तिथं नंबरवार गल्ल्या. बेंबीभोवती दोन बोटं जागा सोडायची, तिथं नो एंट्री. ती स्टॉप सांगते, ‘आज राजारामपुरी, तिसरी गल्ली.’ कालच्या जागेवर आज टोचायचं नाही, हे तिला माझ्याहून पक्कं ठाऊक आहे. एकाच जागी टोचत राहिलं तर गाठ धरते आणि इन्सुलिन नीट लागू पडत नाही. सुई चार मिलिमीटरची. ‘डबल!’ म्हणजे गाडी सोडा; तसं ती म्हणाल्याशिवाय मी हात हलवत नाही. बटण दाबल्यावर सुई आतच ठेवून ती दहा आकडे मोजते. मग ‘सिंगल!’, म्हणजे थांबा, आणि सुई बाहेर. फ्रीजमधलं गार इन्सुलिन जास्त झोंबतं, म्हणून पेनात घालायचं इन्सुलिनचं नवीन काडतूस आधी बाहेर काढून ठेवतो.

दुखतं, हे आम्ही नाकारत नाही. रडायचं असेल तर रडू देतो. ‘शूर मुली रडत नाहीत’ असं घरात कुणी म्हणायचं नाही. परवा म्हणाली, ‘आज मी रडतो, पण डबल मीच देणार.’ ती रडली आणि डबल तिनंच दिली.

शाळेच्या बाईंनाही एक विनंती. असं मूल वर्गात घामाघूम झालं, थरथरू लागलं, उगाच चिडू लागलं, तर साखर उतरलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, एकटं सोडू नका, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. नातीच्या दप्तरात साखरेची डबी असते. ती खाऊ म्हणून काढून घेऊ नका.

१४ नोव्हेंबरला बालदिन, आणि त्याच दिवशी जागतिक मधुमेह दिनही असतो. तो फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. त्यांनी आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन शोधलं आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा चौदा वर्षांच्या एका मुलाला टोचलं. त्याआधी असली लेकरं आईबापांच्या डोळ्यांदेखत झिजून जायची. ही गोष्ट मी नातीला सांगितली तेव्हा तिनं विचारलं, ‘तो रडला का?’ आमच्या शहरातल्या शाळांनी यंदा बालदिनाच्या कार्यक्रमात दहा मिनिटं काढून ही गोष्ट मुलांना आणि पालकांना सांगावी, एवढंच मागणं आहे.

आपला,
एक आजोबा (निवृत्त वाहक, केएमटी)
मंगळवार पेठ, कोल्हापूर