‘ओके’ युद्धाच्या आधीचा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘ओके’ या शब्दाची जन्मकथा वाचली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दिवसभरात एकही सैनिक मेला नाही, तर छावणीच्या फळ्यावर ‘झिरो किल्ड’ लिहीत आणि त्यातलं शून्य व ‘के’ म्हणजे ‘ओके’, असं त्यात म्हटलंय. व्हॉट्सॲपवरही हीच फिरते. ऐकायला झकास, पण तारखा जुळत नाहीत. ते युद्ध १८६१ ते १८६५ चं. ‘ओके’ छापून आला २३ मार्च १८३९ ला, बोस्टन मॉर्निंग पोस्ट या दैनिकात.

खरी गोष्ट तर आपल्याच धंद्यातली आहे! त्या काळी बोस्टनच्या पत्रकारांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून आद्याक्षरं छापायची हौस होती. ‘ऑल करेक्ट’ म्हणजे सगळं बरोबर. त्यातला ‘ऑल’ सुरू होतो ‘ए’ने, ‘करेक्ट’ ‘सी’ने, यांनी केलं ‘ओ’ आणि ‘के’. असले विनोद पुष्कळ झाले नि विसरले गेले. हा टिकला, कारण पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लागली. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन किंडरहूक गावचे, टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’. कार्यकर्त्यांनी ‘ओके’ क्लब काढले. साहेब पडले, शब्द निवडून आला. ॲलन वॉकर रीड या भाषा-अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून १९६० च्या दशकात हे सगळं मांडलं.

मी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात चेकिंगला होतो, म्हणून या शब्दावर थोडा हक्क सांगतो. ट्यूबलाइटखाली टेबलावर टॉवेल पसरायचा, दोन्ही अंगांनी हात फिरवायचा. लूप ओढला गेलाय की किनार उसवलीय, हे डोळ्याआधी बोटांना कळतं. डाग मात्र डोळ्यानेच बघावा लागतो. सगळं नीट असेल तर ‘ओके’, नाहीतर ‘सेकंड’. आमच्यात कुणी तेलुगू बोलायचं, कुणी कन्नड, टेम्पोवाला दखनी, पण ढिगाकडे बोट दाखवून सगळ्यांचा प्रश्न एकच, “ओके का?”

ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ सरकारने २०१५ मध्ये बंद केलं, तरी हैदराबाद रोडला घटकाभर उभं राहा, दिसेलच. ते असू द्या. मला खटकतो तो मोबाइलवरचा ‘ओके’. मुलाला सविस्तर मेसेज टाकावा, तर उलट नुसतं ‘के’. वाचलं, पटलं, की आता पुरे करा? चेकिंगला असा शेरा मारला असता तर सुपरवायझरने माल परत टेबलावर आणून टाकला असता.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत १८३९ ची तारीख देऊन दुरुस्ती छापावी. आणि ती आतल्या पानात कोपऱ्यात नको, लेख होता त्याच जागी.

आपला,
एक निवृत्त चेकर,
अशोक चौक, सोलापूर