अद्भुतरम्य कादंबरीला वेळकाढू का म्हणावे?

मा. संपादक,

प्रणयरम्य आणि अद्भुतरम्य कादंबऱ्या हे केवळ वेळ घालवण्याचे साधन आहे, असे प्रतिपादन करणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्याच्याशी मी मुळीच सहमत नाही. मराठी कादंबरीच्या आरंभकाळात, १८६१ साली ‘मुक्तामाला’ आणि १८६८ साली ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. त्या दोन्ही याच वळणाच्या आहेत.

अशी कादंबरी वाचताना वाचकाची विवेकबुद्धी झोपी जाते, हे लेखातील गृहीतक मला विशेष खटकले. नायिकेचा स्पष्ट नकार नायक धुडकावतो आणि लेखक त्यालाच उत्कट प्रेम म्हणतो, तेव्हा मला संताप येतो. उलट दोघांना एकमेकांचे मन उमगण्यास लागणारा काळ संयमाने रंगवलेला असेल, तर शेवट आधीच ठाऊक असूनही पुस्तक खाली ठेववत नाही. अद्भुतकथेतही मंत्र वापरणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, तेथे माझा विश्वास बसतो, आणि ऐनवेळी नवीच सिद्धी प्रकटून संकट टळते, तेथे तो उडतो. ही पारख याच पुस्तकांनी मला शिकवली.

सयाजीराव महाराजांनी १९१० पासून मोफत सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारली, त्या बडोद्यातील मराठी ग्रंथसंग्रहांनी तरी नवीन खरेदी करताना या कादंबऱ्या वगळू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, बडोदे