मोजून राग जात नाही

मा. संपादक,
स.न.

परवाच्या पुरवणीतला ‘रागावर ताबा मिळवा’ हा लेख वाचला. त्याच रात्री पत्र लिहिणार होतो. पण लेखात सांगितल्याबरहुकूम दीर्घ श्वास घेतले, गार पाणी प्यायलो आणि झोपलो. सकाळी पुन्हा वाचला. राग होता तिथेच होता, म्हणून लिहितो.

‘राग आला की एक ते दहा आकडे मोजा.’ मी एसटीत ३१ वर्षे कंडक्टर होतो. माणसे मोजली, तिकिटे मोजली, चिल्लर मोजली आणि रात्री डेपोत कॅश भरताना तीच चिल्लर परत मोजली. मोजून राग जात असता तर आमच्यातून निदान दोन-चार संत निघाले असते.

माझेच सांगतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मिरजेहून कोल्हापूरला निघालो होतो. वय ६८, हाफ तिकीट मागितले. कंडक्टर पंचविशीतली पोरगी. म्हणाली, “आजोबा, आधार दाखवा.” नियमच आहे. मीही शेकडो म्हाताऱ्यांकडे पुरावा मागितला आहे. पण त्या दिवशी मी ते कार्ड तिच्या हातातल्या मशीनवर आपटले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे काही बोललो. ते छापण्याजोगे नाही. पोरीने वाकून सीटखालून कार्ड काढले, बाहीला पुसले, माझ्या हातात दिले, तिकीट दिले आणि पुढच्या सीटकडे गेली. अंकलीचा पूल येईपर्यंत गाडीत कोणी चकार शब्द काढला नाही.

मुलगा सरकारी दवाखान्यात समुपदेशकांकडे घेऊन गेला. “मला काय वेड लागलंय?” म्हणून आधी त्याच्यावरही ओरडून झाले. समुपदेशन या शब्दात उपदेश आहे, पण त्या बाईंनी एकही केला नाही. गोळीही दिली नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञांचे, हा फरक तरी लेखात यायला हवा होता. बाईंनी विचारले, “कार्ड आपटायच्या आधी मनात कुठलं वाक्य होतं?” मी म्हणालो, “मी कोण आहे हे हिला कळलंच पाहिजे.” त्यांनी ते कागदावर लिहिले आणि ‘च’भोवती गोल काढला. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची ही विवेकनिष्ठ पद्धत, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली, हे मला पुढे कळले. घटनेने माणूस जेवढा पेटत नाही तेवढा तिच्यावर मनात बोललेल्या वाक्याने पेटतो. आठवडाभर वहीत असे ‘च’ लिहून आणायला सांगितले. २३ निघाले. मोजायचेच तर हे मोजा!

तिसऱ्या खेपेला बाईंनी विचारले, “पूर्वी कोणाला कळायचं तुम्ही कोण ते?” मंडळी जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मुक्कामी गाडी करून घरी आलो की पाण्याचा तांब्या पुढे करत ती विचारायची, “आज कुठली गाडी होती?” रिटायर झाल्यावरही बाजारातून आलो तरी चेष्टेने हेच विचारायची. बाईंसमोर मला पुढे बोलता येईना. त्यांनीही घाई केली नाही.

राग अजून येतो. परवा आला, आपला लेख वाचून. एवढ्या मोठ्या लेखात समुपदेशनाच्या वाट्याला शेवटची एक ओळ : ‘गरज भासल्यास तज्ज्ञांची मदत घ्यावी.’ कुठे, कशी? केंद्र सरकारची टेलिमानस ही मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणारी सेवा २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तिचा १४४१६ हा नंबर छापायला आपल्याकडे जागा नव्हती. आणि त्याच पानावर, लेखाच्या बरोबर खाली, ‘गृहक्लेश, सौतन, वशीकरण, २४ तासांत खात्रीशीर उपाय’वाल्या बाबांचा मोबाइल नंबर मात्र ठळक टायपात, चौकटीत! त्यांनाही दहापर्यंत मोजायला सांगा, नोटा सोडून.

पत्र मोठे झाले. कापायचे असेल तर एसटीचे पुराण कापा, नंबर राहू द्या.

आपला,
एक निवृत्त वाहक, मिरज