याकोबाचं पत्र, पाच बुधवार

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

बाबा, बुधवारच्या प्रार्थनासभेत नव्या करारातलं याकोबाचं पत्र घ्यायचं ठरलं हे फार चांगलं झालं. पण 'पाच अध्याय, पाच बुधवार' हा हिशेब जमणार नाही. अध्याय याकोबाने पाडलेले नाहीत. ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे, इंग्लंडचा आर्चबिशप स्टीफन लँग्टन याच्या नावावर असलेले. वचनांचे आकडे तर रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. त्यामुळे दोन ठिकाणी विषय मधोमध तुटतो. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी वरून येणाऱ्या ज्ञानाबद्दल आणि शांतीबद्दल बोलणं चाललेलं असतं, आणि तुमच्यात भांडणं कशातून होतात हा त्याचाच पुढचा प्रश्न चौथ्यात जाऊन पडतो. तसंच ४:१३ (चौथा अध्याय, तेरावं वचन) मधले व्यापारी आणि ५:१ मधले धनवान यांना मूळ ग्रीकमध्ये त्याच शब्दांनी हाक मारली आहे. ती जोडी फोडू नका.

म्हणून वाटणी अशी करा: पहिला अध्याय; दुसरा अध्याय; ३:१ ते ४:१२; ४:१३ ते ५:६; आणि ५:७ ते २०. पहिल्या बुधवारी मात्र काही समजावून सांगण्याआधी सगळं पत्र एका दमात मोठ्याने वाचून घ्या. एकूण १०८ वचनं, वीसेक मिनिटांत होतात. ते पत्र आहे, आणि पत्र तुकड्यातुकड्याने वाचलं की त्याच्या सुविचारांच्या पाट्या होतात. याकोबाच्या बाबतीत हे नेहमी घडतं.

याकोब म्हणजे परंपरेप्रमाणे प्रभू येशूचा भाऊ, यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख. इतिहासकार योसेफसने त्याला दगडमार करून मारल्याची नोंद केली आहे, साधारण इ.स. ६२ ची. एवढी ओळख पुरे, यात वेळ घालवू नका.

तयारीला एकच गोष्ट करा. शेजारी जुन्या करारातलं लेवीय १९ उघडून ठेवा. तिथे १२व्या वचनात खोटी शपथ, १३ मध्ये मजुराची मजुरी, १५ मध्ये तोंड बघून न्याय, १६ मध्ये चहाडी आणि १८ मध्ये शेजाऱ्यावर प्रीती. आता याकोब पाहा: शपथ ५:१२ ला, मजुरी ५:४ ला, पक्षपात २:१ ला, निंदा ४:११ ला, प्रीती २:८ ला. त्याचा विश्वास उभा आहे तो या रोजच्या व्यवहारांवर. (त्याच अध्यायात ३२वं वचन पिकल्या केसांसमोर उठून उभं राहण्याचं आहे. ते याकोबाने घेतलेलं नाही, पण सभेतल्या तरुणांना वाचून दाखवायला हरकत नाही.)

दुसऱ्या बुधवारी कोणीतरी विचारणारच: माणूस नीतिमान कशाने ठरतो? प्रेषित पौल म्हणतो विश्वासाने, याकोब म्हणतो क्रियांनी, मग खरं कोणाचं? धर्मसुधारक ल्यूथरलाही हे अडलं होतं. १५२२ च्या आपल्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने या पत्राला गवताची काडी म्हटलं आणि ते शेवटच्या चार पुस्तकांत ढकललं. काढून मात्र टाकलं नाही. उत्तर देताना दोघांचं एकच वचन समोर ठेवा: उत्पत्ती १५:६, अब्राहामाने विश्वास ठेवला. रोम ४:३ मध्येही तेच, याकोब २:२३ मध्येही तेच. पौलाचा वाद सुंतेबद्दल आहे, देवाच्या घरात शिरायला आधी काय करून दाखवावं लागतं याबद्दल. याकोबासमोर आधीच आत बसलेला माणूस आहे, जो 'माझा विश्वास आहे' म्हणतो आणि हात हलवत नाही. म्हणून तो अब्राहामाच्या गोष्टीत पुढे, उत्पत्ती २२ पर्यंत जातो, इसहाकाला डोंगरावर नेलं तिथे. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात, हा २:१९ मधला टोमणाही चुकवू नका. इफिस २ ची ८वी आणि ९वी वचनं, कृपेने तारण, कर्मांनी नव्हे, ही आपल्याकडे भिंतीवर टांगलेली असतात. १०वं, सत्कृत्यांचं, बहुधा नसतं. ते वाचलं की निम्मा वाद तिथेच बसतो.

आता २:२-३. सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो, त्याला चांगली जागा. मळक्या कपड्यातला येतो, त्याला 'तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस'. आपल्याकडे सभेला खुर्च्या सात-आठ, बाकी सतरंजी, आणि खुर्ची कोणाला मिळते हे न बोलता ठरलेलं असतं. बँकेतले साहेब आले की कोणीतरी पटकन उठतं. बाबा, खुर्ची गुडघ्यांकडे बघून द्या, हुद्द्याकडे बघून नको. आणि हे शिकवण्याच्या आधीच्या बुधवारी करा, म्हणजे त्या दिवशी कोणाला आपल्यावरच बोट रोखल्यासारखं वाटणार नाही.

तिसरी बैठक जिभेची. लगाम, सुकाणू आणि रानाला लागलेली आग हे दृष्टान्त सगळ्यांना पाठ आहेत, तिथे रेंगाळू नका. आपल्याकडे जीभ घसरते ती प्रार्थनेच्या विनंत्या घेताना. 'अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा, ती माहेरी गेलीय, त्याचं काय झालं...' आणि पुढची दहा मिनिटं त्यातच जातात. डोळे मिटलेले असले तरी ती चहाडीच. विनंती घेताना फक्त नाव घ्यावं. कारण ज्याचं त्याने स्वतः सांगितलं असेल तरच. आई, महिला मंडळातही हा नियम लावून बघ. पहिल्या दिवशी फार शांत वाटेल.

चौथ्या बैठकीत मजुरी. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं ५:४ म्हणतं. अनुवाद २४:१५ मध्ये वेळही दिली आहे: त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात गुंतलेला आहे. 'सुट्टे नाहीत, उद्या ये' हे वाक्य नेमकं याच वचनात बसतं. कांद्याच्या लागवडीच्या बायांना आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी द्यायचं दोन्हीकडून ठरलं असेल तर माझ्या मते त्यात गैर नाही, पण मग तो दिवस चुकता कामा नये. आणि मोबाइलवरून पैसे पाठवताना खातं कोणाचं आहे ते बघा. नवऱ्याच्या खात्यात गेले तर बाईला मजुरी मिळाली असं म्हणता येत नाही.

'प्रभूची इच्छा असेल तर' हे ४:१५ चं वाक्य आपण बोलताना शेपटीसारखं लावतो. याकोब योजना करण्याच्या विरुद्ध नाही. 'अमक्या शहरात एक वर्ष राहू, व्यापार करू, नफा मिळवू' या फुशारकीच्या विरुद्ध आहे. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करावा हे प्रभूनेच लूक १४:२८ मध्ये सांगितलं. तेव्हा बाबा, मृत्युपत्र करणं म्हणजे विश्वास कमी, असं सभेत कोणी म्हणालं तर त्यांना ४:१४ दाखवा: आयुष्य वाफ आहे, म्हणूनच ते लिहून ठेवायचं. तुमचंही राहिलं आहे. सही करताना दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही द्यायचं आहे त्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला साक्षीला बसवू नका. भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आपल्या ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रात साक्षीदाराला दिलेला वाटा रद्द होतो. नोंदणी सक्तीची नाही. बँकेत नॉमिनी आहे म्हणून काम झालं असंही समजू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, तेवढ्याने तो मालक होत नाही.

पाचवी बैठक सगळ्यात जपून घ्या. ५:१४ चा क्रम नीट वाचा. आजारी माणसाने स्वतः बोलवायचं. मंडळीच्या वडिलांना (वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना), म्हणजे एकट्या कोणाला नव्हे. त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करायची. कोणतं तेल, किती, कुठे लावायचं, काहीच सांगितलेलं नाही. त्या मुलखात ऑलिव्हचं असे, आणि लूक १०:३४ मधला शोमरोनी जखमेवरही तेच ओततो. घरातलं साधं तेल, बोटाच्या टोकाला लागेल एवढं, कपाळावर पुरे. 'आशीर्वादित' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीला या वचनात कुठेही आधार नाही.

गोंधळ होतो तो १५व्या वचनात. 'विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील' हे हमीपत्र धरून माणसं गोळ्या बंद करतात, आणि बरं वाटलं नाही की दोष आजाऱ्याच्याच विश्वासावर येतो. पौलाचे सोबती बघा: त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडलं (२ तीमथ्य ४:२०), एपफ्रदीत मरता मरता वाचला (फिलिप्पै २:२७), आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? तेव्हा तेल आणि रक्तदाबाची गोळी दोन्ही. आधी गोळी घ्यायची, मग प्रार्थनेला बसायचं, म्हणजे विसरत नाही.

पुढे १६व्या वचनात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे. ते भर सभेत करायला लावू नका. दोघांत, दार लोटून. आणि ऐकणाऱ्याने बाहेर बोलायचं नाही हे आधी ठरवून.

तुमची,
लाडकी

ता. क. आई, ५:७ तू वाच, शेतकऱ्याचं वचन आहे. पण तिथल्या शेवटल्या पावसाला आपला परतीचा पाऊस समजू नकोस, नाहीतर सगळ्यांना काढणीला आलेली भिजलेली बाजरी आठवेल. तिकडे पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणीसाठी. शेवटला मार्च-एप्रिलात, दाणा भरायला. दोन्हींच्या मध्ये तो शेतकरी पाचेक महिने वाट बघतो.