सर्व्हर निवडताना तुम्ही विचारलेल्या प्रश्नांबद्दल आभार

सप्रेम नमस्कार,

छोट्या ऑफिससाठी सर्व्हर घ्यायचा म्हटलं की बोलणं थेट प्रोसेसरवर जातं. आमचा सर्व्हर निवडून देताना तुम्ही मात्र मॉडेलचं नाव घेण्याआधी वेगळंच विचारलंत: एका वेळी किती जण काम करतात, कशावर करतात, डेटा आज किती आहे, वर्षाला किती वाढतो, आणि सर्व्हर बंद पडला तर किती वेळ थांबता येईल? हे आभारपत्र आहे ते मुख्यतः या शेवटच्या प्रश्नासाठी. ‘चार तास’ आणि ‘उद्या दुपारपर्यंत’ या दोन उत्तरांत अख्खी खरेदी बदलते. चार तासांत सुरू व्हायलाच हवा असेल, तर जागेवर येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी लागते, सुटी डिस्क कपाटात लागते, कधी दुसरं यंत्रही लागतं. उद्यापर्यंत थांबता येत असेल, तर तोच पैसा बॅकअपवर घातलेला बरा.

नुसत्या फाइल्स एकत्र ठेवायच्या असतील तर दोन किंवा चार डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) पुरतो, सर्व्हरची गरज नाही, हेही तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत. विकणारा हे क्वचितच सांगतो. लॉगिन एका जागेवरून सांभाळायचे असतील, हिशेबाचा डेटाबेस चालवायचा असेल, तरच सर्व्हर. आणि कोपऱ्यातला साधा डेस्कटॉप ‘सर्व्हर’ म्हणून वापरायचा मोह टाळा, हेही बजावलंत. विंडोज ११ प्रो शेअरिंगसाठी २० उपकरणांपर्यंतच परवानगी देतं. त्यापुढचं एखादं यंत्र मध्येच जोडलं जात नाही आणि लोक केबल तपासत बसतात.

प्रोसेसरबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात होतं आणि ते बरोबर आहे. वीस-पंचवीस जणांच्या फाइल, प्रिंट आणि हिशेबाच्या कामाला तो सहसा कमी पडत नाही. जास्त कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) घेण्यापेक्षा प्रत्येक कोरचा वेग जास्त असलेला घ्यावा. इथे लायसन्सचं गणितही आहे. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड घेताना एका सर्व्हरसाठी किमान १६ कोरचं लायसन्स घ्यावंच लागतं; यंत्रात ८ कोर असले तरी. १६ च्या पुढे गेलं की खर्च वाढत जातो. त्याच लायसन्सवर दोन व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्राच्या आत चालणारे वेगळे संगणक) चालवता येतात, म्हणून डोमेन कंट्रोलर (ऑफिसची सामायिक लॉगिन व्यवस्था, म्हणजे डोमेन, सांभाळणारा) एकीत आणि डेटाबेस दुसरीत ही तुमची मांडणी चपखल बसते. शिवाय कॅल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचा परवाना, वेगळं. पाळीपाळीने एकाच संगणकावर बसणारे असतील तर उपकरणामागे कॅल घ्यावं. एकाच माणसाकडे लॅपटॉप, टॅब आणि फोन असेल तर माणसामागे.

मेमरी ३२ जीबीपासून, आणि ती १६ च्या दोन पट्ट्यांत, म्हणजे वाढवायला खाचा मोकळ्या राहतात. ईसीसी (स्वतःच्या चुका सुधारणारी मेमरी) हवीच, यावर तुम्ही ठाम होतात. एका बिटची चूक ती जागच्या जागी सुधारते आणि दोन बिटची निदान ओळखते. साध्या मेमरीत तीच चूक चुपचाप फाइलमध्ये जाते आणि पुढे बॅकअपमध्येही. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपमध्ये आत थोडी दुरुस्तीची सोय असते, पण ती चिपपुरतीच. प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड या दोन प्रकारच्या पट्ट्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत, हे मागणी नोंदवण्याआधी मदरबोर्डला चालणाऱ्या मेमरीच्या यादीत पाहून घ्यायचं.

खरं पाणी मुरतं डिस्कमध्ये. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क विखुरलेल्या जागी सेकंदाला साधारण शंभरच वेळा वाचू-लिहू शकते. सर्व्हरची एसएसडी हजारो वेळा. ‘सर्व्हर स्लो आहे’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. म्हणून डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीन दोन एसएसडींच्या रेड १ वर (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधणं; रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर तीच प्रत असते), आणि जड फाइल्स दोन मोठ्या हार्ड डिस्कच्या रेड १ वर. एसएसडी अशी, जिच्यात वीज गेली तर हातातलं लेखन पुरं करण्यापुरते कॅपॅसिटर असतात. हार्ड डिस्क एसएमआर पद्धतीची (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) नको, कारण नवी डिस्क बसवून रेड पुन्हा भरताना ती कमालीची मंदावते.

रेड ५ (एक डिस्क गेली तर उरलेल्यांवरून डेटा परत उभा करणारी मांडणी) बद्दलचा तुमचा इशारा तर प्रत्येक छोट्या ऑफिसने ऐकावा. ८ टीबीच्या तीन डिस्क, त्यांतली एक गेली. आता उरलेल्या दोन्ही, म्हणजे १६ टीबी, न चुकता वाचल्या गेल्या पाहिजेत. साध्या डिस्कच्या कागदपत्रांत न वाचता येणाऱ्या चुकीचं प्रमाण १० च्या १४ व्या घाताइतक्या (एकावर चौदा शून्यं) बिटांत एक असं दिलेलं असतं, म्हणजे सुमारे १२.५ टीबीला एक. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या निघतात, पण ऑफिसचा डेटा त्या भरवशावर ठेवू नये. चार डिस्क असतील तर रेड १० (रेड १ च्या दोन जोड्या एकत्र). आणि रेड कार्डाच्या कॅशची (लेखन तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीची) बॅटरी संपली की बहुतेक कार्डं लेखन थेट डिस्कवर वळवतात. एका सकाळी सगळं अचानक मंद झालं तर आधी तिथे पाहायचं.

रेड हा बॅकअप नव्हे, हे सगळे म्हणतात. तुम्ही पुढचं सांगितलंत: बॅकअपचं यंत्र डोमेनमध्ये घालायचं नाही, त्याचा पासवर्ड वेगळा ठेवायचा, आणि एक प्रत कायम केबल काढून ठेवलेली हवी. रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) ॲडमिनचा पासवर्ड घेऊन फिरतं. ज्या बॅकअपला तो पासवर्ड चालतो तो बॅकअपही जातो. दर महिन्याला एक फोल्डर आणि तिमाहीत एक पूर्ण व्हर्च्युअल मशीन परत आणून, उघडून पाहायची. ‘यशस्वी’ असा संदेश आला म्हणून समाधान मानायचं नाही.

यूपीएसवरचा व्हीए हा आकडा म्हणजे वॉट नव्हे. ०.६ पॉवर फॅक्टरचा १००० व्हीए यूपीएस ६०० वॉटच देतो, आणि स्विच (ऑफिसचे संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) व राउटरही त्यावरच हवेत. लहर शुद्ध साइन हवी, नाहीतर काही सर्व्हरचे पॉवर सप्लाय वीज जाताच बंद पडतात. यूएसबी केबल जोडून बंद होण्याची आज्ञा बॅटरी अर्धी असतानाच द्यावी, कारण आतली व्हर्च्युअल मशीन नीट बंद व्हायला कित्येक मिनिटं लागतात.

टॉवर (उभी पेटी) की रॅक (चौकटीत सरकवायचा) यात तुम्ही वेळ घालवला नाहीत. माणसं त्याच खोलीत बसणार असतील तर टॉवरच; १यू, म्हणजे सर्वांत पातळ, रॅकचे छोटे पंखे दिवसभर किंचाळतात. नेटवर्कचंही तसंच: गिगाबिटवर सेकंदाला जेमतेम ११० एमबी मिळतात, म्हणून सर्व्हर ते स्विच हा एक दुवा तरी १० गिगाबिटचा. त्याला कॅट ६ केबल ५५ मीटरपर्यंत चालते, त्यापुढे कॅट ६ए. दुरून सांभाळण्याचं पोर्ट वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या अलग ठेवलेल्या भागावर), इंटरनेटला कधीच उघडं नाही.

बसवून झाल्यावर तुम्ही संगणकांच्या सेटिंगमधला ‘दुसरा डीएनएस’ (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) काढायला लावलात, त्याबद्दल वेगळे आभार. तिथे बाहेरचा डीएनएस ठेवला तर इंटरनेट व्यवस्थित चालतं आणि लॉगिन मात्र अधूनमधून अडतं, कारण बाहेरच्या डीएनएसला ऑफिसच्या डोमेनची माहितीच नसते. असा दोष शोधायला फार वेळ जातो.

आणि तो शेवटचा तक्ता: कोणत्या खणात कोणती डिस्क, तिचा सिरियल नंबर, रेडची मांडणी, वॉरंटीची अखेरची तारीख, व्हर्च्युअल मशीन कोणत्या क्रमाने सुरू करायच्या. डोमेन कंट्रोलर आधी, डेटाबेस नंतर. त्याची एक प्रत तुम्ही कागदावर ठेवायला सांगितलीत, कारण सर्व्हर बंद असताना सर्व्हरवरची फाइल उघडत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
ऑफिसचं नेटवर्क सांभाळणारे आम्ही सगळे